रॅक उभा करण्याआधी टेप काढा

नेटवर्किंगचं कुठलंही कोटेशन घ्या आणि सगळ्यात खालची ओळ बघा. वर सर्व्हर, स्विच, यूपीएस, केबल यांचे आकडे लाखांत. खाली 'रॅक इन्स्टॉलेशन, १ जॉब' आणि पुढे अगदीच किरकोळ रक्कम. ग्राहक घासाघीस करायला बसला की पहिली कात्री तिथेच लागते. "मॅडम, यात काय आहे? लोखंडी कपाटच तर आहे. चार माणसं लावली की उभं."

हे 'चार माणसं लावली की उभं'वालं काम मी बरीच वर्षं करून घेते आहे. मूळची पाटणची, कराडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नोकरीसाठी नवी मुंबईत आले. महापे, रबाळे, ऐरोली, पनवेल या पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहत गेली, तशी आमच्यासारख्या छोट्या टीमनाही कामं मिळत गेली. मोठ्या डेटा सेंटरमध्ये नियम कडक असतात. सेफ्टी ऑफिसर असतो, वर्क परमिटशिवाय आत पाय टाकता येत नाही. मला काळजी वाटते ती बाकीच्यांची. कारखान्याचं ऑफिस, छोटं हॉस्पिटल, कॉलेज, पतपेढी, हाउसिंग सोसायटी. तिथे रॅक बसवणारा आणि सेफ्टी बघणारा माणूस एकच असतो, आणि बहुतेक वेळा त्याला शेवटची लोकल गाठायची असते.

इतक्या साइट बघून माझं एक मत पक्कं झालंय. रॅकचा अपघात दिसतो तो उचलताना, ढकलताना किंवा भरताना. पण ठरतो तो त्याच्या आठवडाभर आधी, जेव्हा कुणी दरवाजा मोजलेला नसतो, भिंत कशाची आहे ते विचारलेलं नसतं, आणि कुठलं सामान कुठल्या खणात बसणार हे कागदावर काढलेलं नसतं.

आधी रॅक म्हणजे नेमका केवढा ते सांगते. नेहमीचा मोठा रॅक ४२यूचा. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. बेचाळीस यूची आतली उंची होते १,८६७ मिलिमीटर, आणि वरचं झाकण, तळ, चाकं धरली की रॅक दोन मीटरच्या पुढे जातो. रुंदी ६०० किंवा ८००, खोली १,००० किंवा १,२००. रिकामा असताना शंभर ते सव्वाशे किलो, भरला की सातशे-आठशे किलो सहज. आत सामान ज्या चौकटीत बसतं ती १९ इंची, आणि ती आजकालची नाही. अमेरिकेत टेलिफोनच्या उपकरणांसाठी १९२२ च्या सुमारास ती रूढ झाली, आणि शंभर वर्षांनंतरही आपण त्याच मापात सर्व्हर बसवतोय. माप तेच राहिलं, वजनं वाढत गेली. एनव्हिडियाचा डीजीएक्स एच१०० हा एआयसाठीचा सर्व्हर आठ यूचा आणि १३० किलोचा आहे. म्हणजे अख्ख्या रिकाम्या रॅकएवढं वजन, रॅकच्या उंचीच्या जेमतेम पाचव्या हिश्शात.

सर्व्हेला गेले की सर्व्हर रूम मी सगळ्यात शेवटी बघते. सुरुवात गेटपासून. टेम्पो कुठपर्यंत येतो, उतरवायची जागा सपाट आहे का, पावसात तिथे पाणी साचतं का, मध्ये पायऱ्या किती, लिफ्ट कुठली मिळणार. लिफ्टमधली पाटी सगळेच वाचतात: १३ व्यक्ती, ८८४ किलो. वजनाचा प्रश्न मिटला म्हणून खूश होतात. दाराची उंची कुणी मोजत नाही. बऱ्याच लिफ्टमध्ये ती बरोब्बर २,००० मिलिमीटर असते, आणि चाकांसकट रॅक असतो २,०५०.

मग कुणीतरी म्हणतंच, "तिरका केला की जाईल की."

इथे जरा गणित. उंच वस्तू तिरकी करायला लागलं की ती आधी बुटकी होत नाही, उंच होते, कारण खालच्या कोपऱ्यापासून वरच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर आता उभं राहायला लागतं. २,०५० उंच आणि १,००० खोल रॅक मागे कलता कलता आधी २,२८० पर्यंत चढतो. परत २,००० च्या आत यायला त्याला जवळजवळ ५५ अंश झोपवावं लागतं, आणि तेवढा झोपवला की जमिनीवर तो सव्वादोन मीटर लांब जागा मागतो. तेवढी खोल लिफ्ट ऑफिसच्या इमारतीत मी तरी क्वचितच पाहिली. कागदावर हे पाच मिनिटांत कळतं. कागद टाळला तर लिफ्टच्या दारात कळतं, सव्वाशे किलोचा सांगाडा चौघांच्या हातांवर तोललेला असताना आणि मागून वॉचमन "लिफ्ट कधी सोडताय?" म्हणून ओरडत असताना.

फॉल्स सीलिंगचंही तेच. आडवा करून आत नेलेला रॅक उभा करताना वर लागतो, आणि नेमका आगीत पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरला लागतो. स्प्रिंकलरच्या तोंडाशी पेन्सिलीपेक्षा बारीक काचेची कुपी असते. ती फुटली की पाणी सुटतं, आणि ते बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे त्या मजल्यावर कुणालाच माहीत नसतं.

उपाय अवघड नाहीत. सुटे भाग येऊन जागेवर जोडायचा रॅक मिळतो, नाहीतर ३६यूचा घ्यावा. फक्त ते ऑर्डर जाण्याआधी ठरायला हवं. रॅक दारात आल्यावर ठरलं तर हमाल, टेम्पो आणि ग्राहक तिघंही आपल्यावर चिडलेले असतात, आणि चिडलेल्या माणसांच्या हातात वजन द्यायचं नसतं.

लिफ्टबद्दल अजून एक. लिफ्टचा तळ आणि मजल्याची लादी यांच्यात बोटभर फट असते. आपल्या पायाला ती कळतसुद्धा नाही. रॅकची चाकं मात्र इवलीशी. पुढचं चाक त्या फटीत बसतं, खालचं थांबतं आणि वरचं दोन मीटरचं धूड चालतच राहतं. त्या फटीवर टाकायला तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा मी गाडीत कायम ठेवते. माझ्या हत्यारांतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी हत्यार तेच असेल.

वजन मोठं असलं की मी आबांना फोन करते. आबा माथाडी मुकादम, आमच्याच पाटण खोऱ्यातले. नवी मुंबईत माथाडी म्हटलं की सातारा-सांगलीकडची माणसं फार. अण्णासाहेब पाटलांनी या हमालांची संघटना बांधली आणि त्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, किती यावरून आमची दरवेळी थोडी ओढाताण होते. ती व्हायचीच. पण एकदा ठरलं की आबा साइटवर जे सांगतात ते मी ऐकते, कारण वजनाचा अंदाज त्यांना हाताने येतो आणि मला कॅल्क्युलेटरने.

त्यांचा पहिला नियम: बोलणारा एकच.

"ताई, तुमी हितं भिंतीकडंला उभ्या ऱ्हावा. बोलणार मी एकटा. तुमचा इंजिनेर मधीच 'जरा डावीकडं' म्हनला, तर मी माल खाली ठिवायला लावीन."

आणि ते खरंच ठेवायला लावतात. एकदा ग्राहकाचे आयटी मॅनेजर मोबाइलवर बोलत बोलत मध्ये आले आणि "इकडून घ्या, इकडून" म्हणाले. आबांनी रॅक होता तिथे टेकवला, चहा मागवला आणि साहेबांचा फोन संपेपर्यंत बसून राहिले. आपल्याकडे 'एक, दोन, तीन'वर उचलायची पद्धत आहे, पण निम्मे लोक तीनवर उचलतात आणि निम्मे तीन झाल्यावर. त्या अर्ध्या सेकंदात सगळं वजन दोघांच्या कमरेवर येतं. आबांच्या टोळीत आकडेच नाहीत. ते "हां" म्हणतात आणि सगळे उठतात.

रॅक पॅलेटवरून उतरवायच्या आधी खोक्यावरचं तिरकं झाल्याचं किंवा आपटल्याचं दाखवणारं स्टिकर बघायचं. लाल झालं असेल तर फोटो काढायचा आणि चलनावर तसं लिहूनच सही करायची. पट्ट्या कापताना तोंड बाजूला ठेवायचं, पोलादी पट्टी सुटली की चाबकासारखी येते. उतरवताना रॅम्पच्या उताराच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. हे सांगून कुणाला पटत नाही, कारण 'खालून धरायला' माणूस हवाच असं सगळ्यांना वाटतं. सव्वाशे किलो घसरत आलं तर खालचा माणूस ते धरत नाही, त्याच्याखाली जातो. खरं तर सबंध कामाचा सगळ्यात कठीण नियम हाच: रॅक पडायला लागला तर पडू द्यायचा. ओरडायचं आणि बाजूला व्हायचं. लाखाचं सामान पडताना बघून हात आपोआप पुढे जातो, म्हणून मी कामाला सुरुवात करण्याआधी ग्राहकासमोर मोठ्याने सांगते की रॅक पडला तर तो माझ्या खात्यावर, कुणी मध्ये यायचं नाही. हमालांना हे ग्राहकासमोर ऐकायला मिळणं महत्त्वाचं असतं.

ढकलताना रॅक त्याच्या पुढच्या-मागच्या दिशेने ढकलायचा, रुंदीच्या दिशेने नाही. ६०० मिलिमीटर रुंद रॅकचा गुरुत्वमध्य एक मीटर उंचीवर असेल, तर कडेला साधारण १७ अंश कलला की तो स्वतःच्या वजनानेच जातो. सगळं जड सामान वर असेल आणि गुरुत्वमध्य १.४ मीटरवर गेला, तर १२ अंश पुरतात. चाकं कडेपासून थोडी आत असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे याहूनही कमी. भरलेला रॅक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत 'असाच सरकवायचा' असतो तेव्हा हे लोक विसरतात. आयबीएमच्या रॅकच्या सूचनांमध्ये तर हलवण्याआधी ३२यूपासून वरचं सगळं काढून घ्या असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि काही रॅकना ती मर्यादा २२यू आहे. मी वरचा अर्धा रॅक रिकामा केल्याशिवाय चाकांचं लॉक काढत नाही. दोन तास जास्त जातात. जाऊ देत.

फॉल्स फ्लोअर असेल तर त्याची वेगळी कथा. ६०० बाय ६०० च्या टाइल, खाली लोखंडी पाय, त्याखाली केबल. नऊशे किलोचा रॅक चार पायांवर उभा असतो, म्हणजे एकेका पायाखाली सव्वादोनशे किलो, तेही पंजाएवढ्यासुद्धा नसलेल्या जागेवर. टाइलच्या डेटाशीटवर एका बिंदूवरचा भार वेगळा दिलेला असतो आणि चाकं फिरवतानाचा भार वेगळा. दुसरा आकडा कमी असतो आणि वाचला जात नाही. केबलसाठी भोक पाडलेल्या टाइलवरून तर रॅक न्यायचाच नाही. जायच्या वाटेवर आम्ही १८ मिलिमीटरच्या प्लायचे तुकडे टाकत जातो, मागचे उचलून पुढे. आणि उघडी टाइल. सकर लावून टाइल उचलली, केबल ओढली, आणि चहाला गेले. भोकाभोवती ना खुर्ची, ना टेप. या एका गोष्टीवर मी साइटवर खरोखर आवाज चढवते, कारण त्या भोकात पाय जातो तो बहुतेक वेळा आमचा नसतो, पाण्याच्या बाटल्या ठेवायला आलेल्या पोराचा असतो.

जागेवर आला की रॅकचे पाय खाली घ्यायचे, चाकं हवेत, आणि पाणसळ लावून समतल करायचा. मग फास्टनर, म्हणजे रॅक जमिनीला पक्का धरणारे बोल्ट. फॉल्स फ्लोअरच्या टाइलला फास्टनर मारून काही होत नाही, खालच्या स्लॅबपर्यंत जाणारा स्टँड हवा. यावर हमखास प्रश्न येतो, "मॅडम, इथे कुठे भूकंप होतोय?" हा प्रश्न पाटणच्या बाईला विचारू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमची आजी घरातच होती. ती सांगायची, पहिला आवाज आला तो भिंतीचा नाही, मांडणीवरच्या पितळेच्या हंड्या-कळशांचा. सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेलं सगळ्यात जड भांडं सगळ्यात आधी आलं. भूकंपासाठीचं भारतीय मानक आहे, 'आयएस १८९३' नावाचं. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कोयनेचा भाग चौथ्या भूकंपक्षेत्रात आहे, आणि मुंबई-पुणे तिसऱ्या. तिसरं म्हणजे शून्य नव्हे. आणि भूकंप नाहीच झाला तरी तेच चार फास्टनर एका फार साध्या प्रसंगात उपयोगी पडतात, त्याकडे येतेच.

भरण्याचा क्रम सगळ्यांना तोंडपाठ असतो: जड खाली, हलकं वर. यूपीएस आणि बॅटऱ्या तळाला, मग स्टोरेज, मग सर्व्हर, वर स्विच आणि केबल जोडायच्या पट्ट्या, म्हणजे पॅच पॅनेल. पाठ असूनही मोडतो, कारण सामान त्या क्रमाने येत नाही. स्विच आधी येतात, यूपीएस तीन आठवड्यांनी. सर्व्हर आले की आयटीवाल्यांना ते डोळ्यांच्या उंचीवर हवे असतात, वाकायला नको म्हणून. खालचा अर्धा रॅक यूपीएससाठी रिकामा, वर सगळं भरलेलं.

असाच एक रॅक एका ठिकाणी मी पाहिला. आमचं काम शेजारच्या रांगेत होतं. दुसऱ्या ठेकेदाराची मुलं रॅम वाढवायला आली होती. रॅक जमिनीला बांधलेला नव्हता, तळाला काही नव्हतं. वेळ वाचावा म्हणून त्यांनी एकावर एक चार सर्व्हर रेलवर, म्हणजे ड्रॉवरसारख्या सरकणाऱ्या पट्ट्यांवर, पुढे ओढून ठेवले, प्रत्येकी तीस किलोच्या आसपास. म्हणजे रिकाम्या सांगाड्याचं जेवढं वजन, तेवढंच त्याच्या पायांच्या पुढे हवेत लटकलेलं. त्यातल्या एकाने वरच्या सर्व्हरचं झाकण उघडायला दोन्ही तळहात टेकवून दाबलं, आणि मागची चाकं उठली. आवाज काहीच झाला नाही. मी पाहिलं ते एवढंच, की रॅकच्या मागच्या पायाखालून उजेड दिसला. आमच्या दोघांनी मागचं दार धरून लोंबकळून तो खाली आणला, पुढे त्या मुलाने पाठ लावली होती, जी लावायला नको होती. त्याच्या बोटांची सालं निघाली, एवढ्यावर निभावलं. त्याच रॅकच्या मागच्या दाराला आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत पुढचा स्टॅबिलायझर, म्हणजे रॅक पुढे कलू नये म्हणून तळाला लावायचा आधार, बांधलेला होता. स्क्रूसकट, न उघडलेला.

तेव्हापासून माझ्या टीममध्ये पिशवी उघडल्याशिवाय एकही सर्व्हर चढत नाही. आणि एका वेळी एकच सर्व्हर बाहेर. दुसरा ओढायचा असेल तर पहिला आत ढकला.

सर्व्हर चढवताना अजून एक बारीक गोष्ट सगळा खेळ बिघडवते, ती म्हणजे भोकांची. रॅकच्या उभ्या पट्टीवर एका यूला तीन चौकोनी भोकं असतात, पण ती सारख्या अंतरावर नसतात. १५.९, १५.९ आणि मग १२.७ मिलिमीटर. जिथे जोडी जवळ येते तिथे यूची हद्द. नवीन मुलगा भोकं मोजत वर जातो आणि रेल एक भोक चुकते. डावी रेल बरोबर, उजवी एक भोक वर. सर्व्हर निम्मा आत जातो आणि अडतो. आता तीस किलो चार हातांत, छातीच्या उंचीवर, आणि दोघंही म्हणतायत, "थोडा उचल, थोडा उचल." त्या क्षणी बोट रेल आणि सर्व्हरच्या मध्ये असतं. म्हणून रेल लावून झाली की रिकाम्या रेलवर पाणसळ ठेवून बघायची. दहा सेकंद. त्या चौकोनी भोकांत बसणारा केज नट बसवायला त्याचं चिमट्यासारखं हत्यार वापरायचं, स्क्रू ड्रायव्हरने दाबायला गेलं की तो सटकतो आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यात जातो. अठरा किलोच्या वरचं काहीही एकट्याने उचलायचं नाही, बत्तीसच्या वर तिघं. हे आकडे सर्व्हरच्या खोक्यावरच चित्रासकट छापलेले असतात. आणि डोक्याच्या वर जाणारं जड सामान हाताने नाहीच, त्यासाठी हाताने फिरवायची सर्व्हर लिफ्ट भाड्याने मिळते. ब्लेडची, म्हणजे पातळ सर्व्हर खोचायची, दहा यूची चेसिस भरलेली असेल तर दोनशे किलोच्या वर जाते. आधी ब्लेड, पॉवर सप्लाय, पंखे सगळं काढायचं, मग तिला हात लावायचा.

अर्थिंग. रॅक आल्यावर पहिली जोडायची ती हिरवी वायर आणि शेवटी काढायची तीही हिरवी वायर. रॅकच्या रंगावर लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, कसून उपयोग नाही, पावडर कोटिंग वीज अडवतं. रंग खरवडायचा किंवा दातेरी वॉशर लावायचा, दारांना वेगळी वायर द्यायची, आणि मग मीटरने तपासायचं. प्रत्येक पॉवर सप्लायमधून अर्थकडे थोडी गळती होतच असते, ती त्याच्या फिल्टरचीच असते. एकाची एक मिलिअँपिअर धरली तरी तीस पॉवर सप्लाय असलेल्या रॅकची तीस झाली, आणि गळती झाली की वीज तोडणारा घरगुती ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी पडायला लागतो. मग एखादा हुशार इलेक्ट्रिशियन अर्थच काढून ठेवतो आणि "आता पडत नाही" म्हणून बिल लावतो. पडत नाही, कारण ती सगळी गळती आता रॅकच्या दाराला हात लावणाऱ्याची वाट बघत असते. अशा ठिकाणी लोड वेगवेगळ्या सर्किटवर वाटून द्यायचं असतं.

बॅटऱ्यांचं लोकांना भय वाटत नाही, कारण एक बॅटरी १२ व्होल्टची. यूपीएसला अशा वीस एका माळेत असतात. २४० व्होल्ट डीसी, आणि चार्जिंगला त्याहून जास्त. यूपीएस बंद केला तरी माळ बंद होत नाही. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन हवंच, आणि हातात-गळ्यात धातू नको. मी बॅटरीच्या कामाला जाताना बांगड्या आणि मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवते. सासूबाईंना सुरुवातीला हे रुचलं नव्हतं. मग एकदा त्यांना जुनी बॅटरी आणि तारेचा तुकडा घेऊन अंगणात ठिणगी दाखवली. आता डब्याबरोबर त्याच विचारतात, "आज बॅटरीचं काम आहे का गं?"

शेवटी भिंतीवरचे रॅक, कारण हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यावर त्यातलाच एखादा असेल. सोसायटीच्या ऑफिसात, दवाखान्याच्या काउंटरमागे, शाळेच्या जिन्यात. सहा यू, नऊ यू, आत कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आणि स्विच. वजन तीस-चाळीस किलोच, पण ते भिंतीपासून पाऊण-एक फूट पुढे लटकलेलं. खालचे फास्टनर भिंतीवर दाबले जातात आणि वरचे दोन सतत बाहेर ओढले जातात. भिंत विटेची किंवा काँक्रीटची असेल तर साधा फास्टनर वर्षानुवर्षं राहतो. पण नव्या इमारतींमध्ये आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, असतात. त्यात फुगणारा फास्टनर कसला की हाताला घट्ट लागतो, पण आत ब्लॉकचा चुरा होत असतो. पहिल्या दिवशी झोका घेऊन दाखवता येईल इतका पक्का, आणि काही महिन्यांनी वरच्या कडेला नखभर फट.

भिंत कशाची हे ड्रिलचा भुगा सांगतो. आधी सहज पांढुरका प्लास्टर येतो, तो सोडून द्या. त्यानंतर लाल आला तर वीट. राखाडी आणि ड्रिल ओरडायला लागलं तर काँक्रीट. पांढरट राखाडी, पिठासारखा आणि ड्रिल लोण्यात शिरावं तसं शिरलं तर एएसी, तिथेच थांबा. मग आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी प्लेट, किंवा एएसीसाठीचा लांब नायलॉन किंवा केमिकल अँकर, किंवा सरळ शेजारचा कॉलम शोधा. जिप्समच्या पार्टिशनवर आत प्लायचा पाठिंबा असल्याशिवाय रॅक लावूच नका. आणि भोक पाडण्याआधी वर-खाली बघा, स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वायर असते. यूपीएस भिंतीवरच्या रॅकमध्ये ठेवायचा हट्ट कुणी धरला तर मी नम्रपणे नाही म्हणते. त्याला जमिनीवर जागा असते.

पावसाळ्यात फोन जास्त येतात ते जुने रॅक काढून न्यायचे. ऑफिस बदलतं, भंगारवाला ठरलेला असतो, आणि घाई म्हणून सुरुवात खालच्या जड सामानापासून होते, कारण त्याची किंमत जास्त येते. काढताना क्रम उलटा: वरून खाली. आधी दारं आणि बाजूचे पत्रे, मग वरचे स्विच, मग सर्व्हर, बॅटऱ्या शेवटी. जमिनीचे फास्टनर मी आतलं शेवटचं सामान ट्रॉलीवर गेल्यावरच सोडते. भंगारवाला तोवर दारं तोलून घेतो.